दादा, बॉक्स कुठला घेतोयस?

फ्रीलान्सिंग करणाऱ्याला ‘नाही’ हा शब्द परवडत नाही. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात अंधेरीच्या एका डीलरने फोनवर विचारलं, ‘मॅडम, हार्डवेअर लोड बॅलन्सरवर एक कंपॅरिझन लिहून द्याल का?’ तेव्हा मी ‘हो, शुअर!’ म्हणून मोकळी झाले. फोन ठेवला आणि मग शोधायला बसले, लोड बॅलन्सर म्हणजे नक्की काय?

हसू नका. मास कॉमच्या दोन वर्षांत आम्हाला हेडलाइन कशी द्यायची ते शिकवलं, मीडिया एथिक्सचा एक अख्खा पेपर होता, पण नेटवर्किंग म्हणजे आमच्यासाठी पार्टीत व्हिजिटिंग कार्ड वाटणं. तरीही काम घेतलं, कारण पंधराशे शब्दांचे अठरा हजार रुपये मिळणार होते. निम्मे आधी, निम्मे मजकूर दिल्यावर. म्हणजे माझ्या ठाण्यातल्या शेअरिंग फ्लॅटचं दीड महिन्याचं भाडं!

दुसऱ्या दिवशी डीलरकडून मेल आला. सोबत एक एक्सेल शीट. पाच कंपन्यांचे पाच कॉलम, त्यातला एक हिरवागार, बाकीचे चार लालभडक. खाली एक ओळ होती, ‘कन्क्लूजन हिरव्या कॉलमप्रमाणे ठेवावे.’ म्हणजे लग्न आधीच ठरलेलं होतं, मला फक्त पत्रिका जुळवून द्यायची होती.

मला त्यातलं काहीच कळेना, म्हणून मी ती शीट माझ्या मावसभावाला पाठवली. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. पॅथॉलॉजी लॅबची एक चेन आहे, तिचं आयटी डिपार्टमेंट तो सांभाळतो. सांभाळतो म्हणजे, तोच डिपार्टमेंट आहे. दहा मिनिटांत त्याचा रिप्लाय आला, ‘ही शीट तुझ्याकडे कशी? माझ्याकडे कोटेशनबरोबर आलीय!’

म्हणजे जगात इतके वाचक असताना माझ्या पहिल्यावहिल्या टेक्निकल लेखाचा पहिला वाचक कोण, तर माझाच दादा. आणि त्याच्या कंपनीचे लाखो रुपये.

शनिवारी वागळे इस्टेटमधल्या त्याच्या नेहमीच्या उडप्याकडे भेटलो. दुपारचा एक वाजलेला, तुफान गर्दी. मी म्हटलं, ‘दादा, मला काहीच येत नाही असं समजून सांग.’ तो म्हणाला, ‘समजायचं काय त्यात?’ (भाऊ तो भाऊच!) मग त्याने दाराशी उभ्या असलेल्या मॅनेजरकडे बोट दाखवलं.

‘तो बघ, लोड बॅलन्सर.’

फंडा असा आहे. गिऱ्हाईक म्हणून तुम्हाला फक्त हॉटेलचं दार माहीत असतं. आत वेटर किती, कोण सुटीवर, कोण नवीन, याच्याशी तुम्हाला देणंघेणं नसतं. दाराशी मॅनेजर असतो, तो तुम्हाला कुठल्या तरी वेटरच्या टेबलावर बसवतो. वेबसाइटचंही तेच. जगाला एकच पत्ता दिसतो, मागे सर्व्हर दोन असोत नाहीतर दोनशे. येणारी प्रत्येक रिक्वेस्ट कुठल्या सर्व्हरकडे पाठवायची ते हा मधला बॉक्स ठरवतो.

आता मॅनेजर हे ठरवणार कसं? एक पद्धत म्हणजे पहिल्या वेटरला एक, दुसऱ्याला एक, तिसऱ्याला एक, आणि पुन्हा पहिला. याला राउंड रॉबिन म्हणतात. सोपी आहे, पण एखाद्याच्या टेबलावर बारा जणांची बर्थडे पार्टी बसली तरी त्याच्या वाट्याला पुढचं गिऱ्हाईक जातंच. दुसरी पद्धत म्हणजे ज्याच्याकडे आत्ता सगळ्यांत कमी टेबलं आहेत त्याला द्यायचं, म्हणजे लीस्ट कनेक्शन्स. आणि एखादा वेटर जास्त चपळ असेल तर त्याला वजन द्यायचं, दोन त्याला आणि एक दुसऱ्याला.

‘आणि ऑर्डर एकाने घेतली, बिल दुसराच आणायला लागला तर?’ मी विचारलं.

‘तर गोंधळ. आमच्याकडे तोच झालाय,’ दादा म्हणाला.

झालं होतं असं. त्यांच्या लॅबमध्ये सकाळी उपाशीपोटी लोक रक्त देऊन जातात. दुपारी बाराच्या सुमाराला सगळ्यांना एकदम मेसेज जातो, ‘तुमचा रिपोर्ट तयार आहे.’ आणि सगळे एकदम लिंक उघडतात. एक सर्व्हर पुरेना म्हणून दुसरा आणला आणि एकाच नावाखाली दोघांचे पत्ते देऊन टाकले. आता पेशंट ओटीपी टाकून एका सर्व्हरवर आत शिरायचा आणि पुढच्या क्लिकला दुसऱ्याकडे जाऊन पडायचा. दुसरा म्हणायचा, ‘आपण कोण?’ पुन्हा ओटीपी. ज्याच्या वडिलांचा बायॉप्सीचा रिपोर्ट यायचाय, तो माणूस दर मिनिटाला ओटीपी टाकतोय, विचार करा. दादाच्या मोबाइलवर सेंटर्सचे फोन वाजायचे आणि फोनवरच्या शिव्या तोच खायचा.

यावर उपाय म्हणजे ज्याने ऑर्डर घेतली त्यानेच बिल आणायचं. त्याला पर्सिस्टन्स म्हणतात. पण त्यातही गोम आहे. गिऱ्हाईक ओळखायचं कसं? त्याच्या आयपी ॲड्रेसवरून ओळखलं तर आपल्याकडे फसगत होते, कारण मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्याआडून बाहेर पाठवतात. मग त्या सगळ्यांना एकच माणूस समजून बॉक्स एकाच सर्व्हरवर लोटतो. म्हणून ब्राउझरमध्ये कुकी ठेवून ओळखायचं. पण कुकी वाचायची तर एचटीटीपीएसचं सीलबंद पाकीट बॉक्सलाच उघडावं लागतं. म्हणजे कूटलेखन सोडवायची ताकद बॉक्समध्ये पाहिजे. डेटाशीटवर ‘एसएसएल टीपीएस’ नावाचा जो आकडा असतो, तो हाच, एका सेकंदात अशी किती नवी पाकिटं उघडता येतात. आणि तो आकडा वाचतानाही बघायचं की आरएसएच्या २०४८ बिटांच्या किल्लीने मोजलाय की नव्या ईसीसी पद्धतीने. दोन कंपन्यांचे दोन वेगळ्या पद्धतींचे आकडे शेजारी ठेवून केलेली तुलना म्हणजे एकाचं वजन किलोत आणि दुसऱ्याचं पौंडात. माझ्या हिरव्या कॉलममध्ये नेमकं तेच केलेलं होतं.

मग मला चेव आला. आठवडाभर मी डेटाशीट वाचल्या. लोकल ट्रेनमध्ये लोक सिरियल बघत होते आणि मी लेयर फोर आणि लेयर सेव्हन करत होते. खरं सांगू? मजा आली. या धंद्याची स्टोरी एखाद्या सिरियलपेक्षा कमी नाही.

एफ-फाइव्ह ही सिएटलची कंपनी, १९९६ची. मला वाटलं होतं, नाव कीबोर्डवरच्या रिफ्रेशच्या बटणावरून घेतलं असेल. चूक! त्याच वर्षी आलेल्या ‘ट्विस्टर’ सिनेमातल्या सर्वांत भयंकर दर्जाच्या टोर्नॅडोवरून घेतलंय. त्यांचा ‘बिग-आयपी’ १९९७मध्ये आला आणि आजही तो या बाजारातला दादा आहे. सिस्कोही नव्वदच्या दशकापासून यात होती, पण २०१२मध्ये तिने आपल्या ‘एस’ बॉक्सवर पुढे काम करणार नाही असं जाहीर केलं. ज्यांनी ते घेतले होते त्यांना नवं स्थळ शोधावं लागलं. आणि ॲल्टिऑनची गोष्ट तर शेअर बाजारात पैसे घालणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. २०००मध्ये नॉर्टेलने ही कंपनी घेतली तेव्हा तो सौदा सात अब्ज डॉलरच्या वर होता. २००९मध्ये नॉर्टेल स्वतःच दिवाळखोरीत गेली आणि ॲल्टिऑनचा धंदा रॅडवेअरने घेतला तो सुमारे १ कोटी ८० लाख डॉलरला. नेटस्केलर २००५मध्ये सिट्रिक्सकडे गेलं, २०१८मध्ये त्याचं नाव ‘सिट्रिक्स एडीसी’ झालं आणि २०२२मध्ये पुन्हा नेटस्केलर. लग्नानंतर नाव बदलून पुन्हा माहेरचं लावल्यासारखं!

यातून मी माझ्या शीटमध्ये एक नवा कॉलम टाकला, ‘पाच वर्षांनी याला कोण विचारणार?’ बॉक्स घेणं म्हणजे कंपनीशी संसार करणं आहे. वर्षाचं सपोर्ट कॉन्ट्रॅक्ट, सॉफ्टवेअरचे अपडेट, आणि मुख्य म्हणजे सुरक्षेच्या भोकांना लावायची ठिगळं. २०२०मध्ये बिग-आयपीत सापडलेल्या एका दोषाला गांभीर्याचे दहापैकी दहा मार्क मिळाले होते. २०२३मध्ये नेटस्केलरमधल्या ‘सिट्रिक्स ब्लीड’ने जगभर घबराट उडवली. म्हणजे नावाजलेला बॉक्स घेतला की झोप लागली, असं नाही. ठिगळ लावायला जागं राहणारं माणूस लागतंच.

बाकी कुणाचं काय चांगलं, तेही कळत गेलं. एफ-फाइव्हमध्ये ‘आयरूल्स’ लिहून ट्रॅफिकला हवं तसं वाकवता येतं, पण ते लिहिणारा तयार माणूस हवा. ज्या ऑफिसात आधीच सिट्रिक्सचे व्हर्च्युअल डेस्कटॉप आहेत त्यांना नेटस्केलर घरचं वाटतं. तिथे क्षमता लायसन्सवर ठरते, नंतर पैसे भरून त्याच बॉक्सची क्षमता वाढवून घेता येते. ए-टेन आणि रॅडवेअर मोठ्या ट्रॅफिकवाल्यांच्या, टेलिकॉमच्या आणि हल्ले परतवण्याच्या कामात मुरलेले. केम्पचा लोडमास्टर, ही कंपनी २०२१पासून प्रोग्रेसकडे आहे, लहान आणि मध्यम ऑफिसांत चालतो. सगळं येत नाही, पण जे येतं ते मांडायला सोपं.

आता प्रश्न उरला, दादाला यातलं लागतं किती? एका पेपर नॅपकिनवर आम्ही हिशेब मांडला. बाराच्या ठोक्याला पाच मिनिटांत नऊशे लोक आले. प्रत्येकाने अर्ध्या एमबीची पीडीएफ उतरवली. झाले ४५० एमबी, म्हणजे ३६०० मेगाबिट. भागिले तीनशे सेकंद, १२ एमबीपीएस. बरं, समजा सगळे एकाच मिनिटात आले, तरी ६०! त्यांची इंटरनेटची लाइनच मुळात २०० एमबीपीएसची. आणि हिरव्या कॉलममधला बॉक्स २० जीबीपीएसचा. चाळीच्या बोळाला आठ लेनचा टोलनाका!

शिवाय बॉक्स एक घेऊन भागत नाही. सगळं ट्रॅफिक एकाच बॉक्समधून जाणार आणि तोच गेला तर? म्हणून जोडी घ्यायची, एक चालू, एक तयारीत. किंमत दुप्पट. काही जण दोन्ही चालू ठेवतात, चालेल, पण मग प्रत्येकावर निम्म्याच्या वर भार टाकायचा नाही. दोघे साठ-साठ टक्के भरलेले असतील आणि एक बसला, तर उरलेल्याच्या डोक्यावर एकशेवीस.

‘मग हे सगळं फुकट होत नाही का?’ मी विचारलं. कारण तोपर्यंत मला एचएप्रॉक्सीबद्दल कळलं होतं. फुकटचं, ओपन सोर्स, विली तारो नावाच्या फ्रेंच माणसाने सुरू केलेलं, साध्या सर्व्हरवर चालतं. आणि गूगलने तर २०१६मध्ये जाहीर सांगितलं की त्यांचा ‘मॅगलेव्ह’ हा लोड बॅलन्सर म्हणजे साध्या मशिनवरचं सॉफ्टवेअर आहे, २००८पासून वापरात.

दादा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘होतं ना. मी एका रात्रीत बसवीन. पण मग रात्री दोनला ते पडलं की फोन मलाच. डब्याबरोबर निदान एक सपोर्टचा नंबर येतो गं.’

आणि मग मला आदल्या वर्षीचा सप्टेंबर आठवला. दादाला डेंगी झाला होता. प्लेटलेट्स उतरत होत्या, हाताला सलाइन, आणि हा बाबा दुसऱ्या हाताने लॅपटॉपवर सर्व्हर रीस्टार्ट करत होता. मावशी कोपऱ्यात बसून रडत होती. तिने मला विचारलं होतं, ‘अगं, एवढ्या मोठ्या कंपनीत दुसरं कोणीच नाही का?’ ज्या एका गोष्टीवर सगळं अडतं, तिला नेटवर्कवाले ‘सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर’ म्हणतात. त्या एक्सेल शीटमध्ये माझ्या दादासाठी कॉलमच नव्हता.

पुढच्या शनिवारी रात्री साडेअकराला डेमो होता. डीलरने हिरव्या बॉक्सची जोडी ट्रायलला दिली होती आणि त्याच्या इंजिनीअरने ती सेट करून दिली होती. मी दादाचं जाकीट घालून सर्व्हर रूममध्ये कुडकुडत उभी. दादाने चालू बॉक्सची वायर सरळ उपटली. स्क्रीनवर दोन-तीन ओळी चुकल्या आणि दुसऱ्या बॉक्सने काम उचललं. मी टाळ्या वाजवल्या. दादा म्हणाला, ‘थांब.’

मग त्याने एका सर्व्हरवरचं रिपोर्टचं ॲप्लिकेशन गोठवलं. मशीन चालू, पण रिपोर्ट देत नाही. त्यांच्याकडे बाराच्या गर्दीत खरोखर हेच व्हायचं, डेटाबेसची कनेक्शन्स संपून ॲप्लिकेशन अडकायचं. मी मोबाइलवर लिंक उघडत राहिले. एकदा रिपोर्ट, एकदा कोरं पान. आणि बॉक्सच्या स्क्रीनवर? दोन्ही सर्व्हर हिरवे! कारण इंजिनीअरने हेल्थ चेक ठेवला होता नुसता पिंगचा. म्हणजे मॅनेजर दर पाच सेकंदांनी वेटरला हाक मारतोय, ‘आहेस का?’ वेटर म्हणतोय, ‘आहे.’ पण तासाभरात त्याने एक चहासुद्धा आणलेला नाही.

दादाने चेक बदलला. आता बॉक्स सर्व्हरला हाक मारणार नाही, एक काम सांगणार. एक टेस्ट रिपोर्ट उघडून दाखव. पाच सेकंदांनी एकदा, तीनदा चुकला की बाद. मी घड्याळ लावून बसले. पंधरा सेकंदांत तो सर्व्हर लाल झाला आणि माझ्या मोबाइलवर एकही कोरं पान येईना. बॉक्सचा दोष नव्हताच, त्याला विचारायला काय सांगितलंय त्याचा होता. वीस जीबीपीएसचा असो नाहीतर त्याच्या शंभराव्या हिश्शाचा, चुकीचा प्रश्न विचारला की उत्तर ‘ओके’च येणार. ‘आणि दोघांच्या मागचा डेटाबेसच मेला तर?’ मी विचारलं. ‘तर दोघं लाल,’ दादा म्हणाला. ‘मॅनेजर कितीही हुशार असला तरी किचन बंद असेल तर काय करणार?’

मी लेख लिहिला. पाचही कंपन्यांचं बरंवाईट लिहिलं, नॅपकिनवरचा हिशेब लिहिला, हेल्थ चेकचा किस्सा कंपनीचं नाव न घेता लिहिला. एथिक्सचा पेपर आठवून डीलरला फोनवर हेही सांगितलं की तुमचं एक गिऱ्हाईक माझा भाऊ लागतो. त्याला त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ‘मॅडम, लिहिलंय एकदम झक्कास. फक्त हिशेबाचा आणि त्या चेकचा पॅरा काढूया. हे वाचल्यावर मोठा बॉक्स घेणार कोण?’

माझं नाव लेखावर येणारच नव्हतं. दोन पॅरे काढले असते तर कुणाला कळलंही नसतं, आणि नऊ हजार खात्यात आले असते. मी एक दिवस मागितला. रात्रभर स्वतःला सांगत होते की मी काय, फक्त लिहिणारी. पण हा लेख वाचून उद्या दुसऱ्या कुणाचा तरी दादा वीस जीबीपीएसचा बॉक्स घेईल, हिरवे दिवे बघून घरी जाईल आणि बाराच्या ठोक्याला लोकांना कोरी पानं दिसत राहतील. सकाळी कळवलं, पॅरे राहत असतील तरच लेख वापरा. राहिले नाहीत. लेख दुसऱ्या कुणीतरी लिहिला. उरलेले नऊ हजार गेले आणि त्या महिन्यात रूममेटकडून उसने घेतले. (दिले परत, काळजी नसावी!)

दादाने तो नॅपकिनवरचा हिशेब नीट टाइप करून साहेबांपुढे ठेवला. शेवटी दुसऱ्या डीलरकडून छोट्या बॉक्सची जोडी आली, तीन वर्षांच्या सपोर्टसकट. वाचलेल्या पैशांत एक ज्युनिअर घ्या, असंही त्याने लिहून दिलंय. बॉक्स तीन आठवड्यांत आले. ज्युनिअरची फाइल अजून एचआरच्या टेबलावर आहे. मावशी दर रविवारी मला फोन करून विचारते, ‘आलं का गं ते दुसरं माणूस?’

बॉक्स बसवले त्या दिवशी बाराच्या ठोक्याला मी मुद्दाम दादाला फोन केला. त्याने उचलला, हीच मोठी बातमी. मागे कुठलाच फोन वाजत नव्हता.

मी पूर्वी त्याला रोज रात्री मेसेज टाकायचे, ‘ऑल ओके?’ तो लगेच टाकायचा, ‘ओके.’ डेंगीच्या दुसऱ्या दिवशी, ताप १०३ असतानाही हेच उत्तर आलं होतं आणि मी खुशाल झोपले होते. आता तसं विचारत नाही. आता विचारते, ‘आज डब्यात काय होतं आणि किती वाजता खाल्लास?’ परवा उत्तर यायला पंधरा मिनिटं लागली. मग आलं, ‘भेंडी. अजून उघडला नाही.’ रात्रीचे साडेनऊ वाजले होते.

मी रिक्षा पकडली आणि वागळे इस्टेटला गेले. उडपी अजून उघडा होता.